किरण एकत्र कोठे येतात?

(भिंगे व आरसे यांचा पाठ घेणाऱ्या शिक्षकांसाठी)

शाळाभेटीच्या वेळी विज्ञानाच्या तासाला बसण्याचा योग आला म्हणजे मी मुलांना पुष्कळदा एक प्रश्न विचारतो. बहिर्गोल भिंग म्हणजे काय, हे विचारले तर सारा वर्ग एका सुरात व्याख्या म्हणून दाखवितो. मध्यभागी जाड, कडांना पातळ. किरण एकत्र आणणारे. वस्तू मोठी दाखविणारे. एकही शब्द चुकत नाही. मग मी विचारतो, “किरण एकत्र येतात ते कोठे येतात? बोट ठेवून दाखवा.” येथे वर्ग गप्प होतो. क्वचित एखादा धीट मुलगा भिंगावरच बोट ठेवतो.

दोष मुलांचा नाही. पुष्कळ शाळांतून भिंगांची पेटी कपाटात असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते. वस्तू फुटेल, हरवेल, साठानोंदवहीत खुलासा लिहावा लागेल, ही भीती मी जाणतो. मीही ती बाळगून होतो. परंतु “कोठे” हा प्रश्न ज्या पाठात उभा राहत नाही तो भिंगांचा पाठच नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंगाची सारी करामत किरण एकत्र येण्याच्या जागेत आहे. ती जागा बोटभर पुढेमागे झाली की चित्र पुसट होते. ही जागा नेमकी साधल्यामुळे काय घडू शकते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडून गेले आहे. ते फारसे कोणास ठाऊक नाही म्हणून आरंभी सांगतो.

मुंबई-नागपूर लोहमार्गावर पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडली की धामणगावच्या अलीकडे तळणी नावाचे लहानसे स्थानक लागते. शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून वऱ्हाडावर आली व पुढे ईशान्येकडे गेली. या पट्ट्यात ठिकठिकाणी ज्योतिर्विदांनी तळ दिले होते. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर होते. करमाळ्याकडील जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल व पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला होते. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने आपल्या वऱ्हाडातील तळणी निवडली. तिच्यात ग्रीनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या, आणि जॉन एव्हरशेड हेही होते.

ॲनीबाई गणितात निपुण होत्या. १८९१ पासून त्या ग्रीनिचला आकडेमोडीच्या कामावर होत्या. परंतु १८९५ मध्ये विवाह होताच, त्या काळच्या रीतीप्रमाणे, नोकरी सोडावी लागली. काम मात्र त्यांनी सोडले नाही. तळणीस येताना त्यांनी स्वतःचा एक छोटा कॅमेरा आणला होता. त्याच्या भिंगाचा व्यास दीड इंच, म्हणजे अडतीस मिलिमीटर. आणि नाभीय अंतर नऊ इंच, म्हणजे सुमारे तेवीस सेंटीमीटर. आपल्या गावातील म्हाताऱ्यांच्या चष्म्याची काच यापेक्षा रुंद असते! खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. तेवढ्या वेळात या लहान भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलाची एक शलाका टिपली, जी सूर्यापासून सुमारे साठ लक्ष मैल दूरवर पसरलेली होती. तोपर्यंत छायाचित्रात इतकी लांब शलाका कोणास मिळाली नव्हती.

मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन आलेल्यांना जे साधले नाही ते दीड इंची काचेला कसे साधले, याचे उत्तर पुढे येईल. ते समजण्यापूर्वी प्रकाश वाकतो कसा हे पाहिले पाहिजे.

हल्लीच्या पुस्तकात या क्रियेस “अपवर्तन” म्हटले आहे; आम्ही शिकलो तेव्हा “वक्रीभवन” असा शब्द होता. मला जुना शब्द अधिक आवडतो, कारण तो काय घडते ते सांगतो. मात्र “काच जाड म्हणून किरण वाकतो” एवढे सांगून भागत नाही. वाकण्याचे कारण वेगात आहे. हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. साध्या काचेत तो सुमारे दोन लक्षांवर येतो. मुलांना हे बैलगाडीवरून फार चांगले समजते. पक्क्या सडकेवरून गाडी तिरकस रेषेत ओल्या काळ्या रानात घातली, तर एक चाक आधी चिखलात जाते व मंदावते; दुसरे अजून सडकेवर भरधाव असते. परिणामी गाडीचे तोंड रानाच्या बाजूस वळते. दोन्ही चाके एकदम रानात शिरली तर गाडी मंदावते, पण वळत नाही. किरणाचेही तसेच आहे. तिरकस शिरला तर वळतो, सरळ शिरला तर नुसता मंदावतो. काचेतून बाहेर पडताना उलट घडते: आधी बाहेर आलेली बाजू पुढे धावते.

ज्या वर्गांत ट्रॅक्टरच अधिक परिचयाचा झाला आहे, तेथे दोन चाके व एक दांडी यांची खेळगाडी करावी आणि गुळगुळीत पाटावरून तिरकस गोणपाटावर सोडावी. गाडी वळते ते सर्वांना दिसते. एकदा मी हा प्रयोग करताना गाडी वळली नाही, उलटलीच. चाके फार जवळजवळ बसविली होती. तेवढी काळजी घ्यावी.

आता भिंगाकडे येऊ. बहिर्गोल भिंगाची दोन्ही पृष्ठे फुगीर असल्यामुळे किरण मध्याखेरीज सर्वत्र तिरकस शिरतो व तिरकस निघतो. दोन्ही ठिकाणी तो भिंगाच्या जाड भागाकडे झुकतो. “हवेतील भिंगात जिकडे काच जाड, तिकडे किरण झुकतो” एवढे एक वाक्य मुलांच्या मनात ठसले की पुढचे सारे त्यातून निघते. बहिर्गोल भिंग मध्यावर जाड, म्हणून किरण आत झुकतात व पलीकडे एका बिंदूत मिळतात. अंतर्गोल भिंग कडांना जाड, म्हणून किरण बाहेर झुकतात व फाकतात. दुरून, समांतर आलेले किरण ज्या बिंदूत मिळतात ती नाभी, आणि भिंगापासून तिचे अंतर ते नाभीय अंतर. काच जितकी फुगीर, तितके नाभीय अंतर कमी.

हे शोधण्यास पेटीचीही गरज नाही. वर्गातील एखाद्याच्या आजोबांचा वाचनाचा चष्मा घ्यावा. केवळ वाचनासाठी असलेला चष्मा उत्तम. दोन भागांचा असेल तर खालचा भाग उपयोगात आणावा. वर्गाच्या खिडक्या लावून एकच दार उघडे ठेवावे, दारासमोरील भिंतीवर कोरा कागद लावावा आणि चष्म्याची एक काच कागदासमोर धरून हळूहळू पुढेमागे करावी. एका ठिकाणी कागदावर अंगणातील निंब उलटा उभा राहतो. पाने हिरवी दिसतात, वाऱ्याने हलतात. शेजारून कोणी गेले तर डोके खाली व पाय वर करून चालताना दिसते. हे चित्र पहिल्यांदा दिसते त्या क्षणी वर्गात जो कल्लोळ होतो तो शिक्षकाने खुशाल होऊ द्यावा. त्यानंतर फूटपट्टीने काच व कागद यांतील अंतर मोजावे. अडीच क्रमांकाच्या चष्म्यास ते चाळीस सेंटीमीटरांच्या आसपास भरेल. चष्म्याचा क्रमांक म्हणजे दुसरे काही नसून शंभराला सेंटीमीटरांतील नाभीय अंतराने भागून येणारा आकडा होय. आजोबांच्या चष्म्याच्या चिठ्ठीवरील आकडा व मुलांनी फूटपट्टीने काढलेला आकडा जुळला म्हणजे जो आनंद होतो, तो दहा व्याख्या पाठ करून होत नाही.

येथे वर्गाला एक अंदाज करावयास सांगावा. भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर भिंतीवर काय दिसेल? बहुतेक मुले, आणि खरे सांगावयाचे तर बहुतेक शिक्षकही, “अर्धा निंब” असे उत्तर देतात. झाकून पाहावे. निंब संपूर्ण दिसतो, फक्त अंधूक होतो. कारण झाडाच्या प्रत्येक पानापासून निघालेले किरण सबंध भिंगावर पडतात आणि भिंगाचा प्रत्येक भाग संपूर्ण चित्र उभे करण्यास हातभार लावतो. फळ्यावर आपण दोन किरण काढतो ते सोयीसाठी. जणू दोनच किरण असतात असा समज त्यातून मुलांचा होतो.

दूरची वस्तू सोडून जवळची घेतली की किरण मिळण्याची जागा सरकते. पेटीतील पंचवीस सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग घेऊन पेटता कंदील एक मीटरवर ठेवला, तर प्रतिमा भिंगापासून तेहतीस सेंटीमीटरांवर पडते. कंदील पन्नासवर आणला तर प्रतिमाही पन्नासवर, कंदिलाएवढी. साडेसदतीसवर आणला तर प्रतिमा पंचाहत्तरवर जाते व दुप्पट होते. पंचवीसच्या आत आणला तर भिंतीवर काहीच मिळत नाही. मात्र भिंगातून पाहिल्यास कंदील मोठा व सुलटा दिसतो. तेव्हा “बहिर्गोल भिंग वस्तू मोठी दाखविते” हे विधान अर्धेच खरे आहे. ते मोठी दाखविते, लहान दाखविते, सुलटी दाखविते, उलटीही दाखविते. वस्तू कोठे आहे यावर ते अवलंबून आहे. परीक्षेत हे विधान जसेच्या तसे लिहिणाऱ्या मुलास पूर्ण गुण देताना माझा हात अडखळतो.

आता तळणीचे कोडे सोडवू. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे एकशे आठ पट आहे. म्हणून कोणत्याही भिंगाने पडलेली सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे एकशे आठव्या भागाएवढी असते. ॲनीबाईंच्या भिंगाचे नाभीय अंतर तेवीस सेंटीमीटर. म्हणजे त्यांच्या काचेवर सूर्य जेमतेम दोन मिलिमीटरांचा, बाजरीच्या दाण्याएवढा, पडला असला पाहिजे. साठ लक्ष मैल म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या सुमारे सातपट. तेव्हा ती प्रचंड शलाका काचेवर दीडएक सेंटीमीटरांत मावली. हे गणित सातवीच्या मुलांकडून करून घेता येते.

लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीत प्रतिमा मोठी पडते हे खरे. पण तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरल्यामुळे ती फिकी पडते. प्रभामंडलाचा बाहेरचा भाग मुळातच अत्यंत फिका असतो. भिंगाच्या रुंदीच्या मानाने नाभीय अंतर आखूड असले की तो तोकडा प्रकाश थोड्याशा जागेत गोळा होतो व काचेवर ठसा उमटतो. ॲनीबाईंनी भिंग लहान निवडले ते परवडत नव्हते म्हणून नव्हे. काम कशाचे आहे हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्याबरोबर तळणीस असलेल्या एव्हरशेड यांनी त्याच दोन मिनिटांत सूर्याच्या वर्णपटाची मोलाची छायाचित्रे घेतली. ते पुढे १९०७ मध्ये कोडाईकनाल वेधशाळेत आले व १९११ ते १९२३ या काळात तिचे संचालक होते.

सूर्याच्या प्रतिमेचा प्रयोग शाळेत करावयाचा असल्यास प्रतिमा कागदावरच पाहावी. भिंगातून, दुर्बिणीतून वा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्यास कोणत्याही मुलास कधीही मुभा देऊ नये. डोळा हे स्वतःच एक भिंग आहे. सूर्याचे किरण तो आपल्या आतल्या पटलावर एकत्र आणतो, आणि जळताना दुखत नाही, म्हणून मूल डोळा काढून घेत नाही. दुसरी सूचना आपल्या मुलखासाठी विशेष आहे. भिंगाने वाळला पाला पेटतो हे एकदा कळले की मुले ते घरी करून पाहतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरोघर ओसरीत कापसाचे ढीग असतात. पाण्याने भरलेली गोल काचेची बाटलीसुद्धा उन्हात भिंगाचे काम करते. हा पाठ मी पावसाळ्यात घेणे पसंत करतो. ज्यांस हिवाळ्यात घ्यावा लागतो त्यांनी भिंगे तास संपताच मोजून परत घ्यावीत.

आरशांविषयी थोडक्यातच लिहितो. “आरसा प्रकाश वाकवितो” असे वर्गात ऐकू येते, ते टाळावे. आरसा प्रकाश परतवितो. किरण हवेतच राहतो, त्याचा वेग बदलत नाही. ज्या कोनात आला त्याच कोनात तो परत फिरतो. वक्र आरशाच्या प्रत्येक कणाशी हाच नियम चालतो. पृष्ठ वळलेले असल्यामुळे परतणाऱ्या किरणांची दिशा तेवढी बदलत जाते. आतून चकचकीत असलेली स्टीलची पळी एका हाती द्यावी. आतल्या बाजूस मूल आपला चेहरा उलटा पाहते, बाहेरच्या बाजूस सुलटा व चिमुकला. आतली बाजू अंतर्गोल आरसा; तो किरण एकत्र आणतो. बाहेरची बहिर्गोल; तो फाकवितो. येथे मुलांचा हमखास गोंधळ उडतो, कारण भिंगात बहिर्गोल एकत्र आणते आणि आरशात अंतर्गोल. हा गोंधळ पाठांतराने जात नाही; पळी व चष्मा दोन्ही एकाच तासात हाती दिले म्हणजे जातो. एस. टी.च्या चालकाजवळचा बाहेरील आरसा बहिर्गोल असतो; त्यात मागचा बराच रस्ता मावतो, पण मागची गाडी आहे त्याहून दूर भासते. रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना हे सांगून ठेवणे उपयोगाचे आहे.

आरशाचा एक गुण मात्र नोंदविला पाहिजे. भिंगात निळा किरण तांबड्यापेक्षा अधिक वाकतो, म्हणून साध्या भिंगाच्या प्रतिमेच्या कडेला रंग दिसतात. आरशात सर्व रंग सारखेच परततात. मोठ्या दुर्बिणी आरशाच्या असतात याचे हे एक कारण. नायगामवाला यांच्या पुण्याच्या वेधशाळेत वीस इंची आरशाची दुर्बीण होती. ती वेधशाळा बंद झाल्यावर १९१२ मध्ये दुर्बीण कोडाईकनालला, एव्हरशेड यांच्याकडेच, गेली.

अंतर्गोल भिंग मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पुस्तकात त्यास चार ओळी मिळतात, कारण त्याने भिंतीवर चित्र पडत नाही आणि मुलांना ते नीरस वाटते. वर्गातल्या मुलांशी मात्र त्याचा संबंध सर्वांत निकटचा आहे.

डोळ्यातही “किरण कोठे एकत्र येतात” हाच प्रश्न असतो. डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पारपटल आणि आतले भिंग मिळून किरण वाकवितात. वाकविण्याचे मोठे काम पारपटलच करते. किरण मागच्या दृष्टिपटलावर मिळाले तर स्पष्ट दिसते. चाळिशीनंतर आतले भिंग ताठर होते, जवळ पाहताना ते पुरेसे फुगत नाही, म्हणून आजोबांना बहिर्गोल काच लागते. काही मुलांचा डोळा वाढीच्या वयात किंचित लांबट होतो. दूरच्या वस्तूचे किरण पटलावर पोचण्यापूर्वीच मिळतात व पटलावर पुसट डाग पडतो. अशा डोळ्यापुढे अंतर्गोल काच ठेवली की किरण आधी थोडे फाकतात आणि मग नेमके पटलावर मिळतात. या दोषास निकटदृष्टिता म्हणतात. जवळचे उत्तम दिसते, दूरचे नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत शिकवीत होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ, तोंडी गणितात पहिला. पण फळ्यावरून उतरवून घेताना “घ”चा “ध” करी, “भ”चा “म” करी, आणि आकडे तर वाटेल ते लिही. मी त्यास उभे करीत असे. प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हाताने “लक्ष देत नाही” असे लिहिले. उंच असल्यामुळे त्याची जागा मागच्या रांगेत होती. तीही मीच नेमून दिलेली. चौथीत तो दोनदा नापास झाला व वडिलांनी त्यास गुरे राखण्यास घातले. पुढे काही वर्षांनी तालुक्याच्या गावी नेत्रशिबिरात मी मदतीस होतो, तेथे तो रांगेत उभा दिसला. तपासणीत दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन क्रमांक निघाला. शंभराला साडेतीनाने भागून पाहावे: सुमारे अठ्ठावीस सेंटीमीटर. त्यापलीकडचे सारे जग त्यास पुसट होते, आणि मी फळा चार मीटरांवर टांगला होता. त्याने मला ओळखले ते आवाजावरून. “गुरुजी, तुम्ही होय?” एवढेच तो म्हणाला. मला त्या वेळी भिंगाच्या सर्व व्याख्या पाठ होत्या.

तेव्हापासून कोणत्याही शाळेत गेलो की मी मागच्या रांगेतून आरंभ करतो. डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणारे मूल, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल, पुस्तक नाकाशी धरणारे मूल, दूरचा चेंडू न दिसणारे मूल यांची नावे लिहून काढावीत. मग पुढील चाचणी घ्यावी. पांढऱ्या पुठ्ठ्यावर तीन दाते असलेल्या फणीसारखी काळी आकृती काढावी. उंची व रुंदी तेरा मिलिमीटर. उंचीचे पाच समान भाग करावेत. तीन भाग तीन दात्यांचे व दोन त्यांमधील फटींचे. फणीचा कणाही एका भागाएवढाच जाड ठेवावा. चांगल्या उजेडात, सहा मीटर अंतरावरून, एका वेळी एक डोळा तळहाताने न दाबता झाकून, दाते कोणत्या दिशेला आहेत ते मुलास हाताने दाखवावयास सांगावे. पुठ्ठा चार-पाच वेळा फिरवून विचारावे. जो डोळा वारंवार चुकतो त्याची नोंद करून मुलास वैद्यकीय तपासणीस पाठवावे. या चाचणीने निदान होत नाही. कोणास पाठवावयाचे एवढेच कळते. शाळेत चष्म्याचे क्रमांक काढण्याचा व कोणाचाही जुना चष्मा मुलाला लावून पाहण्याचा खटाटोप करू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात आणि त्यांच्या तपासणीत दृष्टिदोषाचाही समावेश आहे. पथक एका दिवसात अनेक मुले पाहते. आपण काढलेली यादी आधीच तयार असली तर त्यांचे काम नेमके होते. दृष्टिदोष असलेल्या शाळकरी मुलांस विनामूल्य चष्मे देण्याची शासकीय तरतूदही आहे. तिची चौकशी ग्रामीण रुग्णालयात करावी.

चष्मा मिळाला की काम संपत नाही. इतर मुले चिडवितात, मग चष्मा दप्तरात राहतो. मुलीच्या बाबतीत पालकच म्हणतात की चष्मा लावला तर पुढे सोयरीक जुळताना अडचण येईल. चष्म्याने क्रमांक वाढतो, असाही एक समज गावोगाव आहे. त्यांना सांगावे की वाढत्या वयात डोळा लांबत जातो म्हणून क्रमांक वाढतो, चष्मा लावला नाही तरी वाढतो. अशा वेळी पालकांना शाळेत बोलावून मुलीला वर्गाच्या दारात उभे करावे आणि फळ्यावरील एक ओळ आधी चष्म्याविना व मग चष्म्यासह वाचावयास लावावी. माझ्या अनुभवात याहून अधिक बोलण्याची गरज क्वचितच पडली.

चष्मा असलेल्या मुलांच्या काचांवरून एक लहान प्रयोगही करता येतो. मुलाची संमती असेल तरच करावा. काच हातभर लांब धरून तिच्यातून दाराची उभी चौकट पाहावी व काच किंचित उजवीकडे हलवावी. चौकट काचेबरोबर उजवीकडे सरकली तर काच अंतर्गोल. उलट बाजूस सरकली तर बहिर्गोल. काचेस हात न लावता, नुसते पाहून कोणती काच ते ओळखता येते. चष्मेवाल्यास ही युक्ती चांगली माहीत असते. ज्या मुलाच्या चष्म्यावर हा प्रयोग होतो त्याचा चष्मा त्या दिवसापुरता वर्गाच्या कौतुकाचा विषय होतो, हा त्यातला जादा लाभ.

वाढत्या वयात क्रमांक बदलतो, म्हणून ही चाचणी दरवर्षी शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात घ्यावी आणि निकाल हजेरीपटाच्या मागील पानावर डावा डोळा व उजवा डोळा असे दोन रकाने आखून लिहावा. शाळाभेटीच्या वेळी मी ते पान पाहीन. सहा मीटर लांबीची खोली नसेल तर व्हरांड्यात किंवा अंगणातील झाडाच्या सावलीत अंतर मोजून तेथे चुन्याची रेघ कायमची मारून ठेवावी.